पडद्यावरची जखम, पडद्याआडचे दुखणे

दुखणे माणसाला येते; ते सोसायचे कसे हे मात्र समाज ठरवून देतो. मुलगा गुडघा फोडून घरी आला की 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?' हा प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. मुलीच्या पोटात कळ आली तर 'बाईच्या जातीला हे चालायचेच' हे उत्तर ठरलेले असते. आमच्या घरांत हेच उत्तर 'सब्र कर, बेटी' असे जरा मायेने दिले जाते, इतकाच फरक. अशा रीतीने दोन समजुती पक्क्या झाल्या आहेत. पुरुषाला वेदना होत नाहीत, आणि झाल्याच तर त्या लढाईतल्या जखमेच्या. बाई मात्र सोसण्यासाठीच घडलेली. ती बोललीच तर ते दुखणे नव्हे, नखरा. एकाच बाईला सोशिकही म्हणायचे आणि रडूबाईही म्हणायचे, यातली विसंगती कुणाला खटकत नाही.

या समजुतींचा इतिहास शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. मुंबईच्या उपनगरांत मालाड, अंधेरी, जुहू, वांद्रे या पट्ट्यात गेल्या शतकात हिंदी चित्रपटसृष्टी वाढली. मर्द कसा असावा आणि औरत कशी असावी, याचे साचे इथल्या स्टुडिओंत तयार झाले आणि देशभर पोहोचले. त्याच स्टुडिओंत काम करणाऱ्या हाडामासाच्या माणसांना दुखणीही आली. त्यांतली दोन दुखणी आम्हाला शेजारी शेजारी ठेवून पाहायची आहेत. एक बाईचे, १९५४ ते १९६९ या काळातले. दुसरे पुरुषाचे, १९८२ सालचे.

मधुबाला यांचे मूळ नाव मुमताज जहान बेगम. जन्म १४ फेब्रुवारी १९३३, दिल्लीचा. वडील अताउल्ला खान. नोकरी गेल्यावर हे मोठे कुटुंब मुंबईत आले आणि मालाडला राहू लागले. मालाडला तेव्हा बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ होता. तिथल्या १९४२ सालच्या 'बसंत' या चित्रपटात ही मुलगी बेबी मुमताज म्हणून पडद्यावर आली, तेव्हा तिचे वय नऊ वर्षांचे होते. पुढे घर चालले ते मुख्यतः तिच्या कमाईवर. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कुटुंबाचा पोशिंदा पुरुष असतो आणि म्हणून त्याने आजारी पडायचे नसते, असे आपण म्हणतो. इथे पोशिंदा एक मुलगी होती. म्हणजे पुरुषाने दुखणे लपवून कामावर जायचे हा दंडकही तिला लागू झाला आणि बाईने मुकाट सोसायचे हा दंडकही. दोन्ही ओझी एकाच खांद्यावर आली.

त्या शरीरात एक दोष जन्मापासून होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होते. अशा भोकातून शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे ढकलले जाते. भोक मोठे असले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो. माणसाला धाप लागते, थकवा येतो, कधी तोंडावाटे रक्त पडते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की मग ते भोक बुजवणेही धोक्याचे ठरते. थोडक्यात, या आजारात वेळ फार महत्त्वाची.

१९५४ साली मद्रासला एस. एस. वासन यांच्या 'बहुत दिन हुए'चे चित्रीकरण चालू असताना मधुबाला यांच्या तोंडातून रक्त पडले. तोवर लपून राहिलेली प्रकृतीची गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांपर्यंत गेली. वासन पती-पत्नींनी त्यांची शुश्रूषा केली. योगायोग असा की त्याच वर्षी, २६ मार्च १९५४ रोजी, अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी हृदयातले असेच भोक उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करून बुजवले. वडिलांच्या शरीरातून मुलाचे रक्त फिरवून केलेला तो जगातला आरंभीचा प्रयोग होता आणि ते मूल थोड्याच दिवसांत दगावले. म्हणजे १९५४ मध्ये मुंबईतल्या कुणाला खात्रीचा इलाज मिळाला असता असे नाही. इलाज नव्हता ही त्या काळाची मर्यादा. प्रश्न आहे तो इलाज नसताना त्या दुखण्याशी आपण कसे वागलो हा.

मधुबाला बऱ्या होऊन परतल्या आणि कामाला लागल्या. १९५५ मध्ये 'मिस्टर अँड मिसेस ५५' आला. १९५८ या एका वर्षात 'चलती का नाम गाडी', 'हावडा ब्रिज' आणि 'काला पानी' हे तीन गाजलेले चित्रपट आले. १९५७ च्या 'नया दौर'वरून बी. आर. चोप्रा यांनी भरलेला खटला, दिलीपकुमार यांची साक्ष, वडिलांचा बाहेरगावच्या चित्रीकरणाला विरोध, या सगळ्याची चर्चा गल्लोगल्ली झाली आणि आजही होते. प्रेमभंगाचे दुःख लोकांना कळत होते, कारण बाईचे दुःख म्हणजे प्रेमाचे दुःख अशी आपली सवय. तिच्या छातीत प्रेमाव्यतिरिक्त एक खरेखुरे हृदयही आहे आणि त्याला भोक आहे, ही गोष्ट मात्र मागे पडली.

या काळात अंधेरीच्या मोहन स्टुडिओत 'मुगले आझम' तयार होत होता. शीशमहालाचा सेट उभा करायलाच दोन वर्षे लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. अनारकलीला कैदेत टाकण्याच्या प्रसंगासाठी दिग्दर्शक के. आसिफ यांनी खऱ्या लोखंडी जड बेड्या वापरल्या आणि त्यांनी मधुबाला यांच्या अंगावर वळ उठले, असे या चित्रपटाविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवले आहे. प्रेक्षकांनी ५ ऑगस्ट १९६० नंतर थिएटरात जो थकलेला चेहरा पाहिला, जो जड श्वास पाहिला, त्यात अभिनय किती आणि आजार किती, हे आज कुणी वेगळे करून सांगू शकणार नाही. बाईची वेदना पडद्यावर शोभून दिसली. तिचे कौतुक झाले. तीच वेदना पडद्याबाहेर आली असती तर निर्मात्याने पुढच्या करारावर सही केली असती का? नायिका आजारी आहे हे कळणे म्हणजे धंद्यात तिची किंमत उतरणे. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी मधुबाला यांचे नाव नामांकनात होते. पुरस्कार मिळाला तो बीना राय यांना, आणि चित्रपटाचे नाव होते 'घूंघट'. त्यांच्या आयुष्यातले हे एकमेव नामांकन.

१९६० मध्ये किशोरकुमार यांच्याशी विवाह झाला. उपचारांसाठी लंडन झाले. तिथल्या डॉक्टरांनी फार दिवस राहिले नसल्याचे सांगितले. वेळ हातची गेली होती. तरीही त्या जवळजवळ नऊ वर्षे जगल्या, बहुतेक काळ वांद्र्याच्या घरात अंथरुणाला खिळून. या नऊ वर्षांच्या हकिकती दोन आहेत. किशोरकुमार यांनी १९८५ च्या एका मुलाखतीत आपण अखेरपर्यंत शुश्रूषा केल्याचे सांगितले. मधुबाला यांच्या माहेरच्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्यांत एकटेपणा जास्त आहे. खरे कोण, हा निवाडा आम्ही करणार नाही. पण या दुखण्याविषयी आपल्याला जे काही कळते, ते बहुतेक सारे नवऱ्याकडून, बहिणीकडून, सहकलाकारांकडून. जिला दुखत होते तिचा आवाज त्यात फारसा नाही. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले असताना, त्या गेल्या. दफन जुहूच्या कब्रस्तानात झाले. २०१० मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून तिथल्या जुन्या मजारी काढल्या गेल्या. त्यांत मधुबाला यांची होती, मोहम्मद रफी यांची आणि नौशाद यांचीही होती.

आता १९८२ कडे येऊ. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला मनमोहन देसाई यांच्या 'कुली'च्या मारामारीचे चित्रीकरण चालू असताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार बसला. आरंभी गांभीर्य लक्षात आले नाही. नंतर आतड्याला इजा झाल्याचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले. त्यानंतर देशाने जे केले ते एखाद्या कलावंताच्या दुखण्यासाठी क्वचितच झाले असेल. देवळांत पूजा, दर्ग्यांत दुआ, गुरुद्वारांत अरदास, रक्त द्यायला रांगा. वर्तमानपत्रांतून रोजची प्रकृती. २४ सप्टेंबरला ते घरी परतले. १९८३ मध्ये 'कुली' प्रदर्शित झाला तेव्हा नायकाला जिवंत ठेवण्यासाठी शेवट बदललेला होता. आणि ज्या क्षणी तो मार बसला, त्या क्षणी चित्र थांबवून, याच दृश्यात अमिताभ जखमी झाले, अशी पाटी पडद्यावर दाखवली गेली. त्या नायकाचे नाव इक्बाल आणि दंडावरचा बिल्ला ७८६ क्रमांकाचा, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यांत अजून सांगितली जाते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की फरक स्वच्छ दिसतो. दोन्ही दुखणी खरी. दोन्ही चित्रीकरणाच्या धबडग्यातली. पुरुषाची जखम मारामारीत झाली, म्हणून तिला पाटी लावून पडद्यावर मान मिळाला. बाईचा आजार आतला, सावकाश वाढणारा. तो पडद्याआड गेला. दुखणाऱ्याने किती सोसले यावर आपण सहानुभूती मोजत नाही. ते दुखणे आपल्या साच्यात बसते की नाही, हे पाहून मोजतो.

यात पुरुषाचा फायदाच झाला असे समजू नये. त्या अपघातानंतर दोन वर्षांनी, १९८४ च्या सुमारास, अमिताभ बच्चन यांना 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' हा स्नायूंची ताकद हिरावून घेणारा आजार झाला. याच काळात मनमोहन देसाई यांचा पुढचा चित्रपट बनत होता आणि त्याचे नाव होते 'मर्द'. तो १९८५ मध्ये आला आणि मर्दाला दर्द होत नसल्याचा त्यातला संवाद पोराटोरांच्या तोंडी बसला. २०१८ मध्ये तर त्याच संवादाचे नाव घेऊन एक नवा चित्रपट निघाला. म्हणजे ज्या माणसाला स्नायूंचा आजार जडला होता, त्याच्याच तोंडून देशातल्या पोरांनी दर्द न होण्याचा धडा घेतला. पुढची कहाणी त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. अपघाताच्या वेळी चढवलेल्या रक्तातून कावीळ 'ब'चा विषाणू शरीरात शिरला आणि वर्षानुवर्षे कळलाच नाही. कळला तोवर यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता. २००० साली मणक्याचा क्षयरोग झाला. मुंबई महापालिकेच्या क्षयरोगविरोधी मोहिमेत त्यांनी ही गोष्ट उघडपणे सांगितली, आणि हा रोग मलाही झाला, उपचाराने मी बरा झालो, असा निरोप घरोघर गेला. संवादातल्या मर्दापेक्षा हा बोलणारा माणूस समाजाच्या जास्त उपयोगी पडला, असे आमचे मत आहे.

बाईचे दुखणे नेहमीच पडद्याआड राहिले असेही नाही. नर्गिस दत्त यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, न्यूयॉर्कला उपचार झाले आणि ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सुनील दत्त यांनी ते दुखणे लपवले नाही. त्यांनी नर्गिस यांच्या नावाने कर्करोगग्रस्तांसाठी संस्था उभी केली, १९८२ मध्ये 'दर्द का रिश्ता' काढला. १९८४ पासून ते मुंबईच्या उपनगरांतून खासदार म्हणून निवडून आले. सोलापूर जिल्ह्यात बार्शीचे कर्करोग रुग्णालय नर्गिस दत्त यांच्या नावाने ओळखले जाते. घरातल्या पुरुषाने बाईच्या आजाराला नाव दिले, वाच्यता केली, की काय घडू शकते याचा हा दाखला आहे. मधुबाला गेल्या त्यानंतर बारा वर्षांतच हे घडले. तेव्हा चुप्पी हा काही कुणाच्या नशिबाचा भाग नव्हे.

चित्रपटवाल्यांचे सोडा, असे कुणी म्हणेल. सोडू या. याच उपनगरांत मुलुंड, कांदिवली, अंधेरी येथे कामगार विमा योजनेची रुग्णालये आहेत. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत विमाधारक कामगार आजारी पडला तर त्याला औषधोपचारही मिळतो आणि रजेच्या दिवसांत पगाराचा काही हिस्सा रोख मिळतो. कारखान्यात काम करणाऱ्या बाईलाही हा हक्क आहे. पण कामगाराची घर सांभाळणारी बायको आजारी पडली तर तिला फक्त उपचार मिळतो. तिच्या रजेची नोंद होत नाही, कारण तिला रजाच नाही. धुणी-भांडी, मुले, म्हातारी सासू, सारे त्या दिवशीही असते. कामगाराच्या तापाला डॉक्टरचा दाखला असतो, बायकोच्या तापाला क्रोसिनची गोळी. घर सांभाळणे हे काम मानले नाही म्हणून त्या कामातून उठणे आजार मानला जात नाही. 'बायका काटक असतात' या वाक्याचे मूळ इथे आहे. ते शरीरात शोधू नये.

आणि हृदयाचे म्हणाल तर मधुबाला यांचा आजार आजही आपल्या मुलींना होतो. फरक असा की आज त्यावर खात्रीची शस्त्रक्रिया आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मजात हृदयविकारासाठी शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या बारा वर्षांखालील मुलांपैकी पुढे किती जणांची शस्त्रक्रिया झाली, हे त्यांनी पाहिले. मुलग्यांत हे प्रमाण ७० टक्के निघाले, मुलींत ४४ टक्के. भोक तेच, डॉक्टर तेच, रुग्णालय तेच. आईबापांच्या मनात होती ती पैशाची चिंता आणि मुलीच्या छातीवरचा वण लग्नाच्या आड येईल ही भीती. त्या वणापेक्षा आतले भोक बरे, असा हिशेब कुणी उघड बोलून करत नाही. पण आकडे तोच हिशेब सांगतात.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की बाईचा हृदयविकार पुरुषासारखा दिसू लागेपर्यंत डॉक्टर तो गांभीर्याने घेत नाहीत. शिकण्यासाठी मुलाचा वेश घेणाऱ्या कथेतल्या यहुदी मुलीवरून त्यांनी याला 'येंटल सिंड्रोम' असे नाव दिले. उपचार हवा तर आधी पुरुषाचा वेश घ्या, असा त्याचा अर्थ.

उरतो तो सब्राचा प्रश्न. आमच्या समाजात बाईला गप्प बसवायला हाच शब्द सर्वांत जास्त वापरला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. सब्राचा आदर्श म्हणून कुरआनात ज्यांचा गौरव आहे ते हजरत अय्यूब अलैहिस्सलाम पुरुष आहेत. आणि ते गप्प राहिले नाहीत. आपल्याला तकलीफ पोहोचली आहे, असे त्यांनी अल्लाहपुढे बोलून दाखवले. तरीही त्यांना साबिरच म्हटले आहे. हजरत मरियम यांच्या प्रसूतीच्या कळांचा आणि त्या कळांत त्यांच्या तोंडून निघालेल्या उद्गारांचा उल्लेख तिथे आहे आणि त्याबद्दल त्यांना कुठे बोल लावलेला नाही. मग दुखते हे सांगणे सब्राच्या विरुद्ध आहे, हे आम्ही कुठून शिकलो? इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये वेदनेचे पंधरा प्रकार नोंदवले आहेत: टोचणारी, ताणणारी, दाबणारी, ठसठसणारी, जड, बधिर. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमाला ठाऊक होते की वेदनेचा प्रकार कळला तर रोग कळतो. आणि तो प्रकार रोग्याच्या तोंडूनच कळतो. रोग्याला बोलूच दिले नाही तर हकीम काय करणार?

आज शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते. २०१३ पासूनच्या या योजनेत जन्मजात हृदयविकाराचाही समावेश आहे आणि शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते. तेव्हा आम्ही आमच्या वाचकांना एवढेच सांगू. घरातली मुलगी जिना चढताना दमते, खेळताना मध्येच बसते, तिचे ओठ निळसर दिसतात, तर तिला नाजूक म्हणून लाडावू नका आणि आळशी म्हणून रागावूही नका, डॉक्टरकडे न्या. डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली तर तारीख घ्या, वणाचा विचार नंतर करा. घरातला मुलगा महिनाभर खोकतो आहे आणि 'काही नाही' म्हणतो आहे, तर त्याचे शब्द खरे धरू नका. आणि दोघांपैकी कुणीही 'दुखते' म्हणाले, तर पहिला प्रश्न एकच विचारा: कुठे दुखते, आणि कधीपासून?